योगवर्गातील ‘करेक्शन’: शिक्षकांनी हात लावून आसन सुधारण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात नाव नोंदवायला येणारे बहुतेक जण शुल्क आणि वेळ विचारतात. स्पर्शाविषयीचा प्रश्न सहसा महिन्या-दोन महिन्यांनी, जिन्यात चपला घालता घालता, हळू आवाजात येतो. तो पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारता यावा, यासाठी अशा प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उत्तरे पुण्यातील आमच्या छोट्या वर्गाच्या अनुभवातून आलेली आहेत; इतर ठिकाणच्या पद्धती वेगळ्या असू शकतात.

‘करेक्शन’ म्हणजे नेमके काय?

साधक आसनात असताना शिक्षकाने हाताने, पायाने किंवा शरीराच्या टेकूने त्याची स्थिती सुधारणे, याला आपल्याकडे सर्रास ‘करेक्शन’ म्हणतात. जुने शिक्षक ‘आसन बसवून देणे’ असे म्हणत असत. परंतु या एकाच शब्दाखाली तीन अगदी निराळ्या गोष्टी येतात आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो.

उजव्या बाजूचे त्रिकोणासन घ्या. साधिकेचा उजवा हात घोट्याशी आहे, डावा हात वर आहे आणि डावा खांदा नकळत पुढे झुकला आहे. शिक्षिका मागे उभी राहून तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर हाताची पालथी बाजू टेकवते आणि म्हणते, “खांदा माझ्या हाताकडे आणा.” ही झाली खूण, हालचाल साधिका स्वतः करते. दुसऱ्या वेळी तोल जात असेल, तर शिक्षिका आपली मांडी मागून टेकवते आणि साधिका तिला रेलून उभी राहते. हा आधार झाला. तिसऱ्या वेळी शिक्षिका खांदा धरते आणि छाती आपल्या ताकदीने वर फिरवते. हे बळ. आमच्या वर्गात पहिले दोन प्रकार परवानगी घेऊन केले जातात आणि तिसरा केला जात नाही. त्याचे कारण दुखापतीच्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

ही पद्धत मुळात शास्त्रात सांगितलेली आहे का?

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर थेट भाष्य करणारी सूत्रे तीनच आहेत (दुसरा पाद, 46 ते 48). ‘स्थिरसुखमासनम्’ हे त्यांतील पहिले. दुसऱ्यात प्रयत्न शिथिल करण्याविषयी सांगितले आहे. कोणी कोणाला हात लावून आसन करवून घ्यावे, असा उल्लेख तेथे नाही. आज आपण पाहतो ती वर्गपद्धती, म्हणजे रांगेत चटया, समोर शिक्षक आणि मधून फिरत केलेली सुधारणा, ही प्रामुख्याने विसाव्या शतकातील आहे.

तिचा एक मोठा प्रवाह म्हैसूरहून आला. तेथील राजवाड्याच्या आश्रयाने 1930च्या दशकात तिरुमलै कृष्णमाचार्य योगशाळा चालवत असत आणि त्यांची शिस्त कडक होती. त्यांचे मेहुणे आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार 1937 साली शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. 1975 मध्ये मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. अय्यंगार यांचा हात प्रसिद्ध होता. पाठीवर थाप मारून झोपलेला भाग जागा करण्याची त्यांची तऱ्हा ज्यांनी अनुभवली, त्यांच्यातील काही जण ती कृतज्ञतेने आठवतात, तर काहींना ती मारच वाटली. मात्र दोर, पट्टे, ठोकळे, लोड आणि खुर्च्या यांच्या साहाय्याने, म्हणजे शिक्षकाच्या हाताशिवाय, शरीराला दिशा दाखवण्याची सर्वांत समृद्ध पद्धतही त्यांनीच घडवली. तरुणपणी गुरूंच्या आज्ञेवरून पाहुण्यांसमोर हनुमानासन करताना आपल्या मांडीमागचे स्नायू फाटले होते, हे अय्यंगार यांनी स्वतः सांगितले आहे. ती आठवण आणि ती साधने यांचा संबंध असावा, असे मला वाटते. हे माझे मत आहे.

महाराष्ट्रात याहून शांत प्रवाहही आहेत. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामाच्या परंपरेत आसन सावकाश आणि कमीत कमी बळ लावून करण्यावर भर आहे. तेव्हा ‘हात लावल्याशिवाय खरा योग शिकवताच येत नाही’ असे कोणी म्हटले, तर ते आपल्याच मातीतील अर्धी परंपरा विसरून म्हटलेले असते.

अलीकडे या विषयावर इतकी चर्चा का होऊ लागली?

म्हैसूरचेच के. पट्टाभी जोईस यांच्या अष्टांग पद्धतीत शिक्षकाने शरीराचा भार देऊन आसन खोल करवून घेणे रूढ होते. जोईस यांचे 2009 मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या काळात, विशेषतः 2017पासून, ‘करेक्शन’च्या नावाखाली त्यांनी लैंगिक स्वरूपाचा स्पर्श केला, असे त्यांच्या अनेक शिष्यांनी स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितले. त्यांचे नातू आणि उत्तराधिकारी शरत जोईस यांनी 2019 मध्ये जाहीर निवेदनातून आजोबांच्या अयोग्य करेक्शनचा उल्लेख करून खेद व्यक्त केला. परदेशातील वर्गांमध्ये परवानगी विचारण्याची रीत यानंतर झपाट्याने पसरली. आपल्याकडे मात्र हा ‘तिकडचा’ प्रश्न समजला जातो. पद्धत इथली, गुरू इथले, वर्ग इथला. प्रश्न तेवढा तिकडचा कसा?

तुमच्या वर्गात परवानगी कशी घेतली जाते?

प्रत्येक साधकाला एक कवडी दिली जाते. चटईच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ती उताणी ठेवली, तर ‘आज हात लावून सुधारणा चालेल’ असा अर्थ होतो, आणि पालथी ठेवली, तर ‘आज नको’ असा. परदेशातील वर्गांत यासाठी दोन बाजूंची पत्ती किंवा बिल्ला वापरतात. आमच्याकडे सारीपाटाच्या कवड्या घरात पडून होत्या, त्या कामाला आल्या.

कवडी उताणी असली तरी शिक्षक हात लावण्यापूर्वी साधकाच्या नजरेच्या टप्प्यात येतात, कोठे आणि कशासाठी हात लावणार ते सांगतात आणि उत्तराची वाट पाहतात. “खांद्याच्या पात्यावर हात ठेवू का?” हा प्रश्न आणि “खांदा नीट करते हं,” हे विधान यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या वाक्यातला ‘हं’ कितीही गोड असला, तरी त्याला उत्तर अपेक्षित नसते.

सुरुवातीला मी सर्वांसमोर विचारत असे, “कोणाला स्पर्श नको असेल त्यांनी हात वर करा.” वर्षभरात एकही हात वर झाला नाही आणि मी त्यावर समाधानी होते. कवड्या आल्या त्या पहिल्याच आठवड्यात सोळापैकी पाच पालथ्या होत्या.

सरांना किंवा मॅडमना ‘नको’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. काय करावे?

हा संकोच खरा आहे आणि त्याचे ओझे साधकावर टाकणे योग्य नाही. आपण वर्गात शिरताना शिक्षकांना नमस्कार करतो, कित्येक जण वाकून करतात. ज्याच्या पाया पडलो त्यालाच पाच मिनिटांनी ‘हात काढा’ म्हणणे आपल्या वळणात बसत नाही. म्हणूनच गप्प बसणे म्हणजे होकार, असे आम्ही धरत नाही. अंग आखडणे, श्वास रोखणे, अस्वस्थपणे हसणे किंवा उत्तर देण्यापूर्वी शेजारच्या चटईकडे पाहणे, यांतील काहीही दिसले तर तो नकार समजून शिक्षक पुढे जातात. कारण विचारले जात नाही.

एकदा होकार दिल्यावर तो मागे घेता येतो का?

कधीही आणि आसनाच्या मधोमधही. “पुरे” एवढा शब्द पुरेसा आहे. कवडी वर्ग चालू असतानाही उलटी करता येते.

हात लावू दिला नाही, तर माझी प्रगती मागे पडेल का?

काही थोड्या गोष्टी स्पर्शाने लवकर कळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या पाठीमागे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही आणि वर्षानुवर्षे एका बाजूला कललेल्या माणसाला कलणे हेच सरळ वाटत असते. अशा वेळी दोन बोटांची खूण दहा वाक्यांचे काम करते. परंतु ती खूण माणसाच्या हाताचीच असली पाहिजे असे नाही. ताडासनात टाचा, नितंब आणि खांद्याची पाती भिंतीला टेकवून उभे राहिले, की भिंतच सांगते. वीरभद्रासनात गुडघा आत वळत असेल, तर तो शिक्षकांनी बाहेर ढकलण्यापेक्षा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ठोकळा धरून “गुडघ्याने ठोकळा दाबा” म्हटले, की साधक स्वतः ते काम करतो आणि घरी दाराच्या चौकटीशी पुन्हा करू शकतो. अधोमुख श्वानासनात मांड्यांच्या वरच्या टोकाशी पट्टा लावून मागे ओढला, तर कंबरेवर हात न ठेवताही पाठ लांबवता येते.

शिवाय स्पर्शाची एक सवयही लागते. वर्गात शिक्षकांच्या हातावर सुंदर आसन करणारे आणि घरच्या सतरंजीवर तेच आसन न सापडणारे साधक मी बरेच पाहिले आहेत.

हात लावल्याने दुखापत होऊ शकते का? कशी?

होऊ शकते आणि ती बहुतेक वेळा बळाच्या प्रकारातून होते. स्नायू एकाएकी ताणला गेला, की त्याच्यातील ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू प्रतिक्षिप्तपणे आकसतो. हे संरक्षण आहे. साधक स्वतःहून वाकत असतो, तेव्हा ही खबर त्याला लागते आणि तो थांबतो. दुसऱ्याच्या तळहाताला ती लागत नाही. शरीर आत ओढून घेत असताना वरून भार वाढत राहिला, तर मध्ये जे सर्वांत कच्चे असेल ते तुटते.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एका शिबिरात मी पश्चिमोत्तानासनात होते. कपाळ गुडघ्यांपासून वीतभर वर होते. शिक्षक न विचारता मागून आले, त्यांनी छाती माझ्या पाठीवर टेकवली आणि “श्वास सोडा” म्हणून भार दिला. कपाळ टेकले. आजूबाजूच्यांनी कौतुकाने पाहिले आणि मला उजव्या बैठकीच्या हाडापाशी ओली सुतळी तुटावी तसा बारीक आवाज जाणवला. मांडीमागचा स्नायू जेथे हाडाला चिकटतो, ती जागा दुखावली होती. तेथील कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरून येते. आठ महिने मला स्कूटरवर सरळ बसता येत नव्हते. त्या शिक्षकांना मी हे कधीच सांगितले नाही, त्यामुळे ते आजही तसेच शिकवत असतील तर त्यात थोडा दोष माझाही आहे.

गुडघ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. पद्मासनासाठी लागणारे वळण खुब्याच्या सांध्यातून यावे लागते. खुबा पुरेसा वळत नसताना वर राहिलेला गुडघा कोणी खाली दाबला, तर ते वळण गुडघ्यातून घेतले जाते आणि आतील कूर्चेच्या चकत्या पिळल्या जातात. म्हणून मांडी घालून बसलेल्या साधकाचा गुडघा दाबणे, मग ते कितीही प्रेमाने असो, आमच्याकडे पूर्णपणे बंद आहे. शीर्षासनात पाय धरून वर ओढणे किंवा मान हाताने सरळ करणे हेही बंद आहे. मानेची अडचण असेल, तर आधी खाली यायचे आणि मग बोलायचे.

कोणी हात लावून सुधारणा करून घेऊच नये?

हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी पाठीवर कोणताही दाब घेऊ नये; अशा पाठकण्याचे मणके पुढे वाकण्याच्या ताणानेच दबू शकतात, वरून भार तर दूरच राहिला. रजोनिवृत्तीनंतर तपासणी झालेली नसेल, तर आम्ही हाच नियम धरतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, तेव्हा केवळ तोलाचा आधार चालतो. ज्यांचे सांधे मुळातच जास्त वळतात, त्यांची आसने पाहायला सुंदर असतात आणि शिक्षकाला आणखी पुढे न्यायचा मोह होतो. त्यांना खरे म्हणजे मागे आणावे लागते. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर अवश्य सांगावे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन वर्गाला येणे. त्या दिवशी “दुखते का?” या प्रश्नाला तुमचे उत्तर भरवशाचे नसते, म्हणून कवडी पालथी ठेवावी.

शरीराच्या कोणत्या भागांना शिक्षकांनी हात लावू नये?

छाती, पोटाचा खालचा भाग, जांघ, नितंब आणि मांडीची आतील बाजू यांना आमच्या वर्गात हात लावला जात नाही. या भागांविषयीची कोणतीही सूचना शब्दाने, पट्ट्याने किंवा स्वतःच्या शरीरावर दाखवून देता येते. हात शक्यतो हाडांच्या ठळक जागी ठेवला जातो, जसे खांद्याचे पाते, घोट्याची बाहेरील बाजू किंवा मनगट. तळहात सपाट किंवा हाताची पालथी बाजू, बोटांनी पकडणे नाही. हात ठरावीक ठिकाणी येतो, काम होताच निघून जातो आणि निघताना घसरत नाही. हे वाचायला यांत्रिक वाटेल, परंतु साधकांना नेमका हाच फरक लगेच कळतो: हेतू असलेला हात स्थिर असतो.

शवासनात डोके किंवा खांदे हलके दाबले जातात. ते तर सुखावह असते ना?

अनेकांना असते. परंतु डोळे मिटलेले, शरीर सोडून दिलेले आणि कोण जवळ येत आहे हे न दिसणारे, अशा अवस्थेत होकार-नकाराला जागाच उरत नाही. एकदा मी शवासनातील एका साधिकेचा वर उचललेला खांदा नुसता खाली टेकवला. त्या दचकून उठून बसल्या, क्षणभर त्यांना आपण कोठे आहोत ते कळले नाही आणि नंतर त्यांनीच माझी क्षमा मागितली. क्षमा मी मागायला हवी होती. तेव्हापासून शवासनात आम्ही पांघरूण घालायचे असले तरी डोळे मिटण्यापूर्वी विचारून ठेवतो.

महिला साधकांना पुरुष शिक्षकांनी हात लावावा का?

केवळ शिक्षक पुरुष आहे म्हणून स्पर्श वाईट आणि स्त्री आहे म्हणून निर्धोक, असे नाही. तरीही कोणाचा हात चालेल हे ठरवण्याचा अधिकार साधकाचा आहे आणि “मॅडम असतील तरच” हे संपूर्ण उत्तर आहे. पुरुष साधकांनाही नकोसे वाटू शकते. ते बोलत कमी आहेत, एवढेच.

लहान मुलांच्या वर्गात काय नियम आहे?

मुलांना खूण आणि तोलाचा आधार एवढेच, तेही दार उघडे ठेवून आणि दुसरी प्रौढ व्यक्ती खोलीत असताना. मुलांना ‘नको’ म्हणायला शिकवणे हा त्या वर्गाचा भागच आहे. स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या काही ठिकाणी मुलांच्या पाठीवर उभे राहून लवचीकता वाढवली जाते. पालकांनी असे पाहिले, तर पदकाकडे न पाहता मूल घरी आणावे.

एखाद्या वर्गात अयोग्य स्पर्श झाला, तर कोठे जाता येते?

‘तो करेक्शनचाच भाग होता’ हे स्पष्टीकरण ऐकून स्वतःच्या जाणिवेवर शंका घेऊ नका. घडलेले त्याच दिवशी तारीख, वेळ, आसन आणि शब्द यांसह लिहून ठेवा आणि विश्वासातील एका व्यक्तीला सांगा.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा केवळ नोकरदार महिलांसाठी नाही. त्या ठिकाणी सेवा घ्यायला आलेल्या महिलेलाही त्याखाली तक्रार करता येते. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान वर्ग असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग स्वतंत्र आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 74 आणि 75 विनयभंग व लैंगिक छळासंबंधी आहेत. बाधित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर मुलगा असो वा मुलगी, 2012चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरते. तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

ऑनलाइन वर्गात हा प्रश्न येतच नाही ना?

शिक्षकांच्या बाबतीत येत नाही. परंतु पडद्यावरून “कोणीतरी यांची पाठ जरा दाबा” अशी सूचना ऐकून घरातील मंडळी मदतीला धावतात आणि ती मदत सर्वांत धोक्याची असते. कृपया घरच्यांना चहा करू द्यावा.

कवडी आणायची विसरले, तर काय?

दाराजवळच्या पितळी डब्यात जादा कवड्या ठेवलेल्या असतात, त्यांतील एक घ्यावी. तीही घ्यायची राहिली आणि चटईचा कोपरा रिकामाच असला, तर तेथे कवडी पालथी आहे असे आम्ही समजतो.